साखळी बरी की गिअर?

विलीस जीपचं १९४१ सालचं इंजिन फ्लॅटहेड, म्हणजे सपाट डोक्याचं. व्हॉल्व्ह डोक्यावर नव्हे, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये बसवलेले. ते उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या जवळच असतो. क्रँकच्या दोन फेऱ्या, तेव्हा कॅमची एक. हा ताल राखायचा कुणी? सुरुवातीच्या जीपमध्ये तो साखळीने राखला, महायुद्धानंतर पुढे गिअरने.

साखळी आवाज कमी करते, पण झिजून लांबते. मग व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, गाडीची ओढ घटते. म्हणजे ती आधी कुरकुर करते. गिअरमध्ये लांबायला काही नाही, ताल पक्का. मात्र लोखंडावर लोखंड फिरलं की घरघर वाढते, म्हणून कॅमचा गिअर फायबरचा करत. त्याचे दात एखाद्या दिवशी न सांगता झडतात आणि गाडी जागीच थांबते. दिलासा एवढाच, की बाजूचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येत नाहीत. आतली मोडतोड टळते.

आणखी एक भेद आहे. साखळीने कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरने उलट दिशेने. म्हणून एकाचा कॅमशाफ्ट दुसऱ्याला चालत नाही. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत जुळवलेल्या विलीस जीप काही हौशी मंडळींनी अजून जपल्या आहेत. जुन्या जीपसाठी सुटा भाग आणण्याआधी इंजिनाचं पुढचं झाकण उघडून पाहावं. आत साखळी आहे की गिअर, हे तिथेच कळतं.