वाशिमचं पाणी दोन समुद्रांना

वाशिममध्ये समुद्र नाही, पण आपला जिल्हा दोन समुद्रांना पाणी पाठवतो! काटा गावाच्या परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे जाते, पूर्णेला मिळते. पूर्णा चांगदेवजवळ तापीत आणि तापी सुरतपुढे अरबी समुद्रात. अडाण आणि अरुणावती मात्र पैनगंगेकडे वळतात. तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. गोदावरीच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. मासे आणि कोळंबीची पिल्लं तिथेच वाढतात.

आता आपल्या शिवारातला नाला बघा. पुलाच्या नळीत तणनाशकाच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, खताच्या गोणीचे धागे अडकलेले असतात. पहिल्या मोठ्या पावसात हे सगळं पुढे निघतं. वाटेतल्या धरणांत बरंच अडतं, हे खरं. पण खतातून पाण्यात विरघळलेलं नत्र सहज अडत नाही. ते साचलं की शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात.

हे नत्र शेतातच कमी करता येतं. हरभऱ्याचंच बघा. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, त्यामुळे वरून युरिया देण्याची सहसा गरज नसते. पैसेही वाचतात. फवारणीची बाटली तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता आणि बाटलीला भोक पाडून ठेवा, म्हणजे कुणी घरात वापरणार नाही. नाल्यात तर मुळीच टाकू नका. पुलाच्या नळ्या मात्र पावसाळ्याआधी, मे महिन्यातच साफ करायला हव्यात.