बी.एड.चा अभ्यास आणि समावेशक शिक्षण

२०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले. समावेशक शाळा हा विषय आणि वीस आठवड्यांची आंतरवासिता अभ्यासक्रमात आली. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, हे छात्राध्यापक पाठ करतात. त्याने सहानुभूती वाढते. पण 'असे मूल माझ्या वर्गात आले तर मला जमेल का?' ही धास्ती राहते. ती प्रत्यक्ष शिकवतानाच जाते. कमी दिसणाऱ्या मुलासाठी फळ्यावर अक्षर मोठे काढले, लिहिलेले मोठ्याने वाचले, की आपल्याला जमते हे कळते. म्हणून आम्ही छात्राध्यापकांना सराव पाठासाठी अशी मुले असलेले वर्गही देतो. पालकांनी सहकार्य करावे, ही विनंती. हेच उद्या आपल्या मुलांचे शिक्षक होणार आहेत.