ना नवी, ना व्हिंटेज

घर बदलायचं असो, रुखवताचं सामान हलवायचं असो की मंडळाचा गणपती आणायचा असो, आपल्या तोंडी पहिलं वाक्य येतं, 'अहो, एक टेम्पो सांगा!' गाडी कुठल्या का कंपनीची असेना, आपल्या लेखी तो टेम्पोच. मैत्रिणींनो, हा टेम्पो मुळात हांबुर्गचा आहे! तिथली विडाल नावाच्या घराण्याची कंपनी 'टेम्पो' या नावाने तीनचाकी मालगाड्या बनवायची. १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांनी इकडे 'बजाज टेम्पो' उभी केली. ती पुढे पुण्याजवळ आकुर्डीला नांदली, आणि जर्मनीत टेम्पो इतिहासजमा झाल्यावरही आपल्या तोंडात राहून गेला. २००५ मध्ये कंपनीनेसुद्धा नाव बदलून 'फोर्स मोटर्स' केलं. आपण काही बदललं नाही.

हे ज्ञान मला बी.ए. करताना नाही मिळालं. ते मिळालं गॅरेजात, आडव्या टाकलेल्या टायरवर बसून. कारण आमच्या घरात एक जुनी जर्मन गाडी आहे. मर्सिडीज २४० डी, १९८२ ची. मर्सिडीज म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात, म्हणून आधीच सांगून टाकते, जर्मनीत ही टॅक्सीवाल्यांची लाडकी गाडी. १९७६ पासून दहाएक वर्षांत या मालिकेच्या सुमारे २७ लाख गाड्या निघाल्या. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद जेमतेम ७२ हॉर्सपॉवर. खंबाटकी घाटात आम्ही एसी बंद करतो आणि ट्रकच्या मागे शहाण्यासारखे चालतो.

आखातात नोकरीला असलेल्या एका गृहस्थांनी परत येताना ती सोबत आणली. १९८६ मध्ये इकडे नोंदणी झाली. त्यांच्याकडून दुसऱ्याकडे, तिथून आमच्या ह्यांच्याकडे. स्टिअरिंग डावीकडे आहे, त्यामुळे ड्रायव्हरला पुढच्या ट्रकपलीकडचं काही दिसत नाही. उजव्या सीटवर मी. 'आहे का जागा?' 'थांबा... थांबा... हं, घ्या!' आमच्या संसारात माझा शब्द इतका मुकाट मानला जाण्याची ही एकमेव जागा.

आता या गाडीचं आणि टेम्पोचं नातं. २४० डी मधल्या इंजिनाचं नाव ओएम ६१६. हेच इंजिन जर्मनांकडून परवाना घेऊन आकुर्डीला बनायला लागलं आणि ट्रॅक्समध्ये, टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसलं. म्हणजे तुम्ही मुलांच्या सहलीला किंवा अष्टविनायकाला ज्या गाडीतून गेलात, तिच्या पोटात बहुतेक आमच्या 'मर्सिडीज'चंच काळीज धडधडत होतं! म्हणून आमच्या गाडीचे बरेच सुटे भाग स्टुटगार्टहून मागवावे लागत नाहीत. सगळे नाही, पण पुष्कळसे ट्रॅव्हलरच्या दुकानात मिळतात. काचेची रबरं, दिवे, दाराची हँडलं मात्र इथे बनलीच नाहीत, ती शोधावी लागतात. मुंबईला ऑपेरा हाऊस, कुर्ल्याचं भंगार, नाही तर कुणाचा तरी भाचा जर्मनीहून येताना बॅगेत घालून आणतो. भाच्यांकडून चॉकलेटं मागवायची सोडून दिव्याची काच मागवणारं आमचं एकच घर असेल, असं मला वाटायचं. पण तशी घरं बरीच निघाली.

शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी ही मंडळी जमतात. एका डॉक्टरांची साठच्या दशकातली बीटल आहे. तिचं इंजिन मागे, डिकीच्या जागी, आणि ते हवेवर थंड होतं. 'पाणीच नाही, तर गळणार काय?' हा त्यांचा ठरलेला विनोद. चार बोल्ट काढले की अख्खं इंजिन खाली उतरतं. बँकेतून निवृत्त झालेल्या एकांची १९९५ ची ई २२०. ती तर आपल्या पिंपरीतच जोडलेली, कारण मर्सिडीजने भारतातली पहिली जुळणी तिथेच सुरू केली होती. त्या काळातल्या पेट्रोल मॉडेलांच्या वायरिंगवरचं वेष्टन वर्षं सरली की शिळ्या पापडासारखं मोडतं, म्हणून हे गृहस्थ गेलं वर्षभर एकेक वायर बदलत बसलेत. निगुतीने, एखादी आजी गोधडी उसवून पुन्हा शिवते तशी.

या सगळ्यांचा आधार म्हणजे आमचे मिस्त्रीकाका. वय सत्तरीपार. उमेदीची वर्षं याच इंजिनांत गेली. आमच्या इंजिनाला टॅपेट सेटिंग हाताने करावं लागतं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यामध्ये हवेची एक फट ठेवायची, आत हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१० मिलिमीटर, धूर सोडणाऱ्याला ०.३०. ही फट वापराने कमी होत जाते. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब निसटतो आणि थंडीच्या सकाळी गाडी खोकत राहते. काका दोन चौदा नंबरचे पाने घेतात, फटीत फिलर गेजची पत्ती सरकवतात आणि म्हणतात, 'वहिनी, पत्ती लोण्यातून सुरी जावी तशी जायला नको, अडायलाही नको. जराशी ओढ लागली पाहिजे.' ही ओढ कुठल्या पुस्तकात लिहिणार? पाकातली तार बोटांना कळते, तशीच ही.

पण काकांचा हात हल्ली थरथरतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी संध्याकाळी त्यांना पत्तीवरचे आकडे दिसत नाहीत. आणि हाताखाली शिकणारं कुणी नाही. हल्लीच्या पोरांना गाडीला कॉम्प्युटर जोडायची सवय, आमच्या गाडीला तो जोडायला जागाच नाही.

दोन वर्षांपूर्वी वाईला लग्नाला गेलो होतो. ह्यांनी किल्ली फिरवून काढली, खिशात घातली, तरी इंजिन चालूच! मंगल कार्यालयाच्या दारात पैठण्या नेसलेल्या आत्या-माम्या बघतायत आणि बिनकिल्लीची गाडी थरथरतेय. मग बॉनेट उघडून इंजिनावरचा 'स्टॉप' लिहिलेला खटका दाबला, तेव्हा ती शांत झाली. प्रकार असा, की या गाडीत इंजिन बंद होतं ते निर्वात नळ्यांच्या जोरावर. इंजिनावरचा एक पंप हवा ओढून घेतो, आणि त्याच ओढीवर दारांची कुलुपंही चालतात. मागच्या दारातलं चाळीस वर्षांचं एक रबर चिरलं, हवा शिरली, आणि दाराच्या दुखण्याने इंजिन थांबेना. दुखणं गुडघ्यात आणि इलाज कमरेला, असलं हे शरीर ओळखणारा माणूस लागतो. काकांनी फोनवरच विचारलं होतं, 'मागचं दार लॉक होतंय का बघा आधी.'

मग आमच्याच ग्रुपमधल्या तरुण मंडळींनी टूम काढली. हे जुनं धूड काढा, नवं टर्बो डिझेल बसवा, गाडी वाऱ्यासारखी पळेल. याला इंजिन स्वॅप म्हणतात. मला बदलाचं वावडं नाही. आम्ही मागच्या सीटला पट्टे बसवून घेतले, एसीचा जुना जड कॉम्प्रेसर काढून हलका लावला. डॉक्टरांनी बीटलची ६ व्होल्टची वीज १२ व्होल्टची करून घेतली, नाही तर रात्री दिव्यांपेक्षा काजवे बरे होते. पण इंजिनच दुसऱ्या जातीचं घालायचं, ही गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही बजावलंय, की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत असा फेरफार करता येणार नाही. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या जपलेल्या गाड्यांना 'एच' अक्षराची खास पाटी मिळते, आणि तिथेही अट तीच, गाडी मूळ रूपात हवी, बदल असले तर त्या काळाला शोभणारे हवेत.

आपल्याकडे २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ इंजिन-सांगाडा राखलेली गाडी व्हिंटेज ठरते आणि तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. आमची पन्नाशी २०३२ मध्ये. तोपर्यंत ती ना नवी, ना व्हिंटेज. म्हातारी म्हणून मान नाही आणि तरुण म्हणून कौतुक नाही. चाळिशीतल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको!

आणि नेमक्या याच वयात खर्च येतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. १९८६ च्या हिशेबाने २०२६ ची पाळी. २०२२ च्या एप्रिलपासून आयात केलेल्या चारचाकीची फी ४० हजार झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या अशा गाड्यांना ती ८० हजार केली. पर्यावरण कर वेगळा, पासिंगसाठीची दुरुस्ती वेगळी. घराचा हिशेब माझ्याकडे असतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला बाजूला काढलेले पैसे तेवढेच होते. हे आठवडाभर माझ्यासमोर नुसते चहाचा कप घेऊन बसायचे. मागायचे नाहीत, उठायचेही नाहीत.

याच सुमारास आमच्या संस्थेत ती मुलगी आली. आम्ही वस्तीत वर्ग चालवतो, शिवण, ब्यूटी पार्लर, थोडं टायपिंग. वडील ट्रॅव्हलर चालवतात. हिने आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेला, वर्गात एकटी मुलगी. आणि पास झाल्यावर एकही गॅरेज घेईना. 'ताई, काम येत नाही असं कुणी म्हणत नाही. बायकांसाठी बाथरूम नाही म्हणतात. एकाने तर पार्लरचा कोर्स कर म्हणून सांगितलं.'

मला तेव्हा बर्था बेंझ आठवली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ही बाई त्याची तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली, शंभर किलोमीटरहून जास्त. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. वायर उघडी पडली, तिला मोज्याच्या पट्ट्याचं वेष्टन दिलं. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, चढावर गाडी दमते, आणखी एक गिअर हवा. कार्ल बेंझच्या धंद्यात पैसे घातलेले होते तेही तिच्या हुंड्यातून. जर्मन गाडीची रस्त्यावरची पहिली दुरुस्ती आणि पहिलं मॉडिफिकेशन बाईच्या हातचं आहे, आणि आपण मुलींना बाथरूमचं कारण सांगतो!

मी ह्यांना सांगितलं, ऐंशी हजार देते. गच्ची आणखी एक पावसाळा ताडपत्रीवर काढेल. पण दोन अटी. इंजिन हेच राहील. आणि ग्रुपने वर्गणी काढून शेडच्या मागे बाथरूम बांधायचं, पाणी आणि आतून कडी असलेलं. पोरगी काकांच्या हाताखाली शिकेल, आणि पगारावर शिकेल, उपकारावर नाही. रविवारच्या सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, 'माझ्या मिसेसही इथे यायचं टाळतात त्याचं कारण हेच असणार.' तीन आठवड्यांत बांधून झालं.

काका सुरुवातीला नाखूश होते. 'पोरीच्या जातीला ग्रीसमध्ये कशाला घालता वहिनी?' मी म्हटलं, ग्रीस काय आणि खरकटं काय, घासायला हात तोच. पहिला महिना त्यांनी तिला फक्त नटबोल्ट धुवायला लावले. ती धूत राहिली, आणि धुताना कुठला बोल्ट कुठला ते वहीत लिहीत राहिली. वही बघितल्यावर काकांनी तिच्या हातात फिलर गेज दिलं.

परवा मी गेले तर काका खुर्चीत डोळे मिटून बसलेले. ती बॉनेटमध्ये वाकलेली. 'तिसऱ्याचा एक्झॉस्ट सैल ठेवलास,' काका म्हणाले. 'नाही काका, ०.३० च आहे.' त्यांनी उठून पत्ती स्वतः सरकवून पाहिली. दोनदा. मग काही न बोलता पुन्हा खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, 'चौथा बघ आता.'

पासिंग पुढच्या महिन्यात आहे. डाव्या मागच्या चाकावरच्या पत्र्याला गंज दिसतोय, तो तेवढा काढून घ्यायचा आहे.