गोधडीचे दहा हजार टाके

रमजान आणि गोधडीचा काय संबंध, असं कोणी विचारलं तर मी थेट हिरा गुहेपर्यंत जाते. मक्केजवळच्या त्या गुहेत रमजान महिन्यातच हजरत मुहम्मद पैगंबरांना (स.) पहिला दैवी संदेश मिळाला. इ. स. ६१० ची ही गोष्ट. त्या अनुभवाने हादरलेले पैगंबर थरथरत घरी आले आणि मला पांघरूण घाला, असं म्हणाले. हजरत खदीजा (र.) यांच्या घरात आधी त्यांच्या अंगावर पांघरूण पडलं, काय झालं ते बोलणं आणि धीर देणं त्यानंतर. कुरआनातल्या ७३ आणि ७४ क्रमांकांच्या सूरांची नावं, मुज्जम्मिल आणि मुद्दस्सिर, पांघरुणात गुरफटलेल्या माणसावरूनच आलेली आहेत.

आमच्या घरचं पांघरूण म्हणजे गोधडी. दादी तिला गुदडी म्हणायची, शेजारच्या साताऱ्याकडच्या काकू वाकळ म्हणायच्या. इस्लामी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. १९९८ आणि १९९९ मध्ये तो डिसेंबरात आला होता. चिंचवडच्या चाळीतली पत्र्याची खोली, पहाटेचा गारठा आणि सहरीसाठी उठवणारी अम्मी. आम्हा मुलांवर रोजे फर्ज नव्हते, तरी उठायचा हट्ट आमचाच. मग गोधडीसकट चुलीपाशी सरकायचं आणि गोधडीतूनच हात बाहेर काढून भाकरी खायची.

त्या गोधडीत आमचं सगळं घर होतं. वर दादीचं जुनं सुती लुगडं, आत अम्मीचे विरलेले दुपट्टे, माझे आखूड झालेले फ्रॉक आणि अब्बांचा कंपनीचा ड्रेस. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं आणि पिंपरी-चिंचवडचा पट्टा कारखान्यांनी भरत गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर आमची दादी लातूरकडून इकडे आली ती या कारखान्यांच्या भरवशावर. त्यामुळे चाळीतल्या जवळपास प्रत्येक गोधडीत कंपनीचं निळं किंवा खाकी कापड असायचं. ते इतकं जाड असे की सुई अडायची. दादी त्याचे तुकडे नेहमी मधल्या थरात घालायची. ऊबही तिथेच जास्त लागते, असा तिचा हिशेब.

अंथरुणाच्या बाबतीत कामाची वाटणी ठरलेली होती. गादी पिंजाऱ्याची, गोधडी बाईमाणसाची. खांद्यावर पिंजण घेऊन पिंजारी दारात आला की तातीचा टणत्कार चाळभर ऐकू जायचा. दबलेला कापूस तासाभरात ढगासारखा फुगायचा. सोलापूर, सातारा, कोल्हापूरकडे नदाफ आडनावाची मुस्लिम घरं पुष्कळ आहेत. नदाफ हा मूळ अरबी शब्द. अर्थ कापूस पिंजणारा. फोमच्या गाद्या आल्या आणि त्या घरांतल्या अनेकांच्या हातातलं काम गेलं. गोधडी मात्र टिकली, कारण तिला कापूस लागत नाही. जुने कपडे, सुई, दोरा आणि बाईचा वेळ एवढ्यावर ती होते.

ती धुवायला मात्र दोघी लागतात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. घट बसायच्या आधी काकूंच्या घरचं सगळं अंथरूण-पांघरूण पवनेच्या घाटावर निघायचं, तेव्हा दादी बरोबर जायची. रमजानच्या तोंडावर आमच्या गोधड्या निघायच्या, तेव्हा काकू यायच्या. एक टोक भाभींच्या हातात, दुसरं वहिनींच्या. दोघी उलट्या दिशांना पीळ द्यायच्या आणि पाण्याची धार खाली. आज नदीचं पाणी बघून तिथे गोधडी बुडवायला कोणी धजावणार नाही.

या सगळ्या आठवणी गोड आहेत, कारण आम्ही गोधडी पांघरणारे होतो. शिवणाऱ्या दादीसाठी ते काम होतं. घरच्या गोधड्या झाल्या की ती लोकांच्या शिवायची, मजुरीवर. जोहरची नमाज झाली की उंबऱ्यापाशी उजेडात बसायची ती असरपर्यंत. रोजा असेल तर दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करायची नाही; शेजारी वाटीत पाणी ठेवून त्यात बोट बुडवायची.

त्या कामाचा एक हिशेब मी अलीकडे मांडून पाहिला. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी घ्या. लांबीच्या दिशेने एकेका इंचावर धावदोऱ्याची ओळ घातली, तर साठ ओळी होतात. सात फुटांच्या साठ ओळी म्हणजे ४२० फूट शिवण. इंचाला दोन टाके धरले तरी दहा हजारांवर टाके. तेही चार-पाच थरांतून, हाताने.

काही घरांतून पैसे हातोहात मिळत. काही घरांतून निरोप येई, पुढच्या पगाराला देते. बुडवायचा हेतू कोणाचाच नसे. पण किराणा, शाळेची फी, दूधवाला यांच्यानंतर गोधडीवाल्या म्हातारीचा नंबर लागायचा. घरबसल्या केलेलं काम ते, त्याला कसली घाई? दादीला लिहिता येत नव्हतं. थकलेल्या प्रत्येक गोधडीमागे ती पदराच्या दशीला एक गाठ मारायची. ईद जवळ आली की गाठी मोजायची. फित्रा, म्हणजे माणशी साधारण पावणेदोन किलो गव्हाची किंमत, ईदच्या नमाजआधी गरिबाच्या हातात पडावी लागते, म्हणजे त्याच्याही घरी ईद होते. आपला फित्रा आपल्याच कमाईचा असावा, हा दादीचा आग्रह. एका ईदला दोन गाठी सुटल्याच नाहीत. तिने दोऱ्यासाठी ठेवलेल्या पैशांतून फित्रा दिला आणि पुढचे काही दिवस सुई डब्यातच राहिली.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण आपण भाषणांत पुष्कळ ऐकतो. फित्र्याला जशी नमाजची वेळ बांधलेली आहे, तशी मजुरीला घामाची. फरक एवढाच की फित्रा दान आहे आणि मजुरी हक्क. तीस दिवस उपाशी राहून दानाची वेळ पाळायची आणि हक्काची लांबवायची, हे जुळत नाही.

हे आज सांगायचं कारण, गोधडीला पुन्हा मागणी आली आहे. दुकानांत ती शोभेची वस्तू म्हणून चांगल्या किमतीला विकली जाते. भोसरी, चिखली, चाकणच्या वस्त्यांमध्ये जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून मिळतील अशा पाट्या दिसतात. चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर आलेली मराठवाड्यातली पोरं बॅगेत आईची गोधडी घेऊन येतात, आणि पाळी बदलली की एकाच अंथरुणावर एक उठतो, दुसरा झोपतो. शिवणाऱ्या बाईशी बोलताना मात्र आपलं वाक्य ठरलेलं असतं: साड्या तर आमच्याच आहेत, मग एवढे कशाचे?

ते दहा हजार टाक्यांचे असतात. यंदा कोणी गोधडी शिवायला टाकली असेल, तर घेताना भाव पाडू नका आणि पैसे त्याच दिवशी द्या. ईद असेल तर चाँदरातीच्या आधी, दिवाळी असेल तर वसुबारसेच्या आधी. तिलाही घरी सण करायचा असतो.