निगेटिव्ह पुसण्याआधी

घर आवरताना निगेटिव्हची पाकिटं निघतात. मुंज, लग्न, २००३ चा सिंहस्थ. आता ती स्कॅन करायची म्हटलं की पहिला हात जातो तो जुन्या धोतराच्या मऊ फडक्याकडे. मऊ कापडानं चरा कसा पडेल, असं सगळ्यांनाच वाटतं. पण चरा पाडतो तो कापडाखाली सापडलेला वाळूचा कण. निगेटिव्हची चकचकीत बाजू म्हणजे नुसतं प्लास्टिक. चित्र असतं ते मंद बाजूवरच्या जिलेटिनच्या थरात, आणि तो थर फार नाजूक. शिवाय घासल्यानं पट्टीवर स्थिर विद्युत साठते आणि ती आसपासची धूळ ओढून घेते. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या थंडीत तर हे हमखास होतं.

पट्टी कडेला धरा, टॉर्चचा उजेड तिरपा टाका; बसलेला कण न् कण चमकून दिसेल. मग रबरी ब्लोअरनं हवा मारा. तरी चिकटून राहिलेल्या कणांवरून स्थिर विद्युत घालवणारा ब्रश हलकेच फिरवा, बस. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे तुषार जिलेटिनवर डाग पाडतात.

‘स्कॅनर धूळ आपोआप काढतो,’ हे अर्धंच खरं. ती सोय इन्फ्रारेड प्रकाशावर चालते. रंगीत निगेटिव्हच्या रंगांतून तो आरपार जातो, धुळीतून जात नाही, म्हणून यंत्राला धूळ वेगळी ओळखता येते. कृष्णधवल निगेटिव्हमधली चांदीही हा प्रकाश अडवते, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजतं. आजी-आजोबांच्या फोटोंसाठी ही सोय बंदच ठेवावी. २४०० डीपीआयला ०.०५ मिलिमीटरचा कण साधारण पाच पिक्सेल व्यापतो, तेव्हा आधीची सफाई टळत नाही.

पाण्यानं धुवावं का? धड असलेली पट्टी डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुता येते, फक्त सुकताना तिच्यावर पुन्हा धूळ बसू देऊ नये. बुरशी लागलेली मात्र कधीच धुऊ नये. बुरशीनं जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगं केलेलं असतं, त्यामुळे डागाबरोबर चेहराही वाहून जातो.

जुनी फिल्म सगळी सारखीच, हाही एक समज. दादासाहेब फाळक्यांनी १९१८ पासून नाशिकला हिंदुस्थान कंपनीत चित्रपट काढले, ते नायट्रेट फिल्मवर. ती झपाट्यानं पेट घेते. १९५० च्या आधीची पट्टी असेल, कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं नसेल आणि ती पिवळी, चिकट झाली असेल, तर घरी प्रयोग न करता जाणकाराला दाखवा.

छापलेल्या किंवा स्कॅन केलेल्या फोटोवर पांढरा ठिपका दिसला तर ती निगेटिव्हवरची धूळ, ती निघते. काळा ठिपका म्हणजे फोटो काढताना कॅमेऱ्यातच फिल्मवर बसलेला कण किंवा रोल धुताना अडकलेला बुडबुडा. काळी रेघ बहुधा जिलेटिनवरचा चरा. काळ्या खुणांसाठी पट्टी पुसत बसू नका, त्या रीटचिंगमध्येच दुरुस्त होतात.