शेळी तोंड लावत नाही, म्हणून…

अंबाजोगाईहून धारूरकडे निघाले, की बालाघाटच्या उतारांवर माती थोडी आणि मुरूमच फार. बोरी-बाभळीचा कोवळा शेंडा इथे शेळ्यांच्या तावडीतून क्वचितच सुटतो. सीताफळाला मात्र त्या तोंड लावत नाहीत. मूळचे उष्ण अमेरिकेतले हे झाड म्हणूनच या माळरानावर कुणी न लावता, न राखता टिकले.

पाने उग्र आणि कडू. पाना-बियांत ॲसिटोजेनिन नावाची द्रव्ये असतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे काम ती अडवतात. बियांची पूड उवांवर लावायची जुनी रीत आहे, पण ती डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते.

झाडाच्या या विषारीपणाचा फायदा डोंगराला होतो. मुळे मुरमाच्या फटींत शिरून माती धरून ठेवतात. उन्हाळ्यात झाड पाने गाळून स्वतःचे पाणी वाचवते आणि त्या पाल्याखाली पावसाचे पाणी मुरते. उतारावरून सुटलेली माती शेवटी धरणात गाळ होऊन बसते. बालाघाटातच उगम पावणाऱ्या मांजरेवर धनेगावचे धरण आहे. दुष्काळात ते आटले तेव्हा, २०१६ साली, लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

आता फळ पाहा. त्यातला प्रत्येक डोळा म्हणजे फुलातला एक स्वतंत्र स्त्रीकेसर. फुलात आधी स्त्रीकेसर पक्व होतात, पराग नंतर सुटतात; त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेण्याचे काम प्रामुख्याने बारीक भुंगेरे करतात. जिथे पराग पोचत नाहीत तिथला डोळा भरत नाही आणि फळ वेडेवाकडे होते. बाजारात एका बाजूने चपटे सीताफळ दिसले, तर बहुधा कारण हेच.

अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने याच रानवाणांतून निवड करून ‘धारूर-६’ हा वाण दिला. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. फळाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमाराचा, म्हणजे मजुरांना ऊसतोडीला निघण्याच्या तोंडावर चार पैसे हाती देणारा.

सीताफळाचे पराग नेणारे भुंगेरे कुजक्या फळांवर नि पाल्यात वाढतात. बांध साफ करायचा म्हणून झाडाखालचा पाला पेटवला किंवा फुलोऱ्यात सरसकट औषध फवारले, तर माती उघडी पडतेच, शिवाय पुढच्या हंगामात फळांचे डोळेही रिकामे राहू शकतात.