मुलाची पहिली मोटार आणि पित्याची सही

आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले नोकरीनिमित्त दूरदेशी गेली आहेत, त्यांना मुलाकडून येणाऱ्या बातमीची वाट पाहण्यातले सुख आणि काळजी ही दोन्ही ठाऊक आहेत. प्रथम नोकरी लागल्याची बातमी येते, मग पहिल्या पगाराची, आणि त्यानंतर फार काळ लोटत नाही तोच तिसरी बातमी येते, "पप्पा, मी मोटार घेतो आहे." ती मोटार चारचौघांच्या मोटारीसारखी नसून दोन दारांची, जमिनीलगत बसलेली, वाऱ्याशी पैज लावणारी स्पोर्ट्स कार असली, की आईच्या पोटात गोळा उठतो आणि बापाच्या हाती पेन दिले जाते, कारण कोठेतरी त्याची सही हवी असते. अशाच एका सहीचा प्रसंग आम्ही सिंगापुरात पाहिला. तो आपल्या सर्वच कुटुंबांच्या उपयोगी पडावा, म्हणून येथे सांगत आहोत.

आम्ही उतरलो होतो क्लेमेंटी येथे, ओळखीच्या एका कुटुंबाकडे. क्लेमेंटी ही सिंगापूरच्या पश्चिमेकडील वसाहत. सरकारी गृहनिर्माण मंडळाने ती मुख्यतः १९७० नंतरच्या दशकात उभारली. उंच इमारतींच्या रांगा, खाली बाजार आणि खाणावळी, १९८८ साली सुरू झालेले आगगाडीचे स्थानक, हाकेच्या अंतरावर बसगाड्यांचा तळ. राष्ट्रीय विद्यापीठही जवळच. ज्याला मोटारीवाचून अडते, असा माणूस येथे विरळाच. तरीही घरातल्या तेवीस वर्षांच्या मुलाचे मन एका तांबड्या मोटारीवर जडले होते.

शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले, किद्दूश झाले. आपले पूर्वज कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जात. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद. तीच रीत या घरात कसोशीने पाळली जाते. त्यामुळे शब्बाथभर पैशाची गोष्ट कोणी काढली नाही. शनिवारी रात्री हवदाला झाल्यावर मात्र मुलाने कागदांची चळत मेजावर ठेवली आणि वडिलांना म्हणाला, "पप्पा, फक्त दोन सह्या." आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. मुलाला नोकरी लागल्याबद्दल तिने एलियाहू हानबीचा मलिदा बोलला होता. तो मोटार आल्यावरच करू, असे मुलाचे म्हणणे.

वडिलांनी चष्मा लावला आणि कागद आमच्यापुढेही सरकवला.

किंमत कशी फुगते

सिंगापूर हे लहानसे बेट आहे. रस्ते मोजके, म्हणून मोटारीही मोजक्याच असाव्यात, असे तेथील सरकारचे धोरण आहे. १९९० सालच्या मे महिन्यापासून तेथे नवी मोटार नोंदवायची तर आधी परवान्याचा हक्क लिलावात विकत घ्यावा लागतो. त्याला सी. ओ. ई. म्हणतात. महिन्यातून दोनदा बोली होते. हा हक्क दहा वर्षांचा. दहा वर्षे संपली, की मोटार मोडीत काढावी किंवा त्या वेळच्या सरासरी दराने पैसे भरून मुदत वाढवून घ्यावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या इंजिनाच्या मोटारींच्या वर्गात हा हक्क १,५०,००१ सिंगापुरी डॉलरांना गेला होता. लक्षात घ्यावे, की ही मोटारीची किंमत नव्हे. मोटार ठेवण्याच्या परवानगीची किंमत.

शिवाय कर आहेतच. आयात किमतीवर २० टक्के जकात, त्यावर ९ टक्के वस्तुकर, आणि जादा नोंदणी फी. ही फी चढत्या पायऱ्यांची आहे. फेब्रुवारी २०२३ पासून पहिल्या २०,००० डॉलरांवर १०० टक्के, पुढच्या २०,००० वर १४० टक्के, आणि याप्रमाणे चढत ८०,००० च्या वरील रकमेवर ३२० टक्के. इस्राएलमध्ये मोटारीवरील खरेदीकर पाहून आपण कपाळाला हात लावतो. येथे दोन्ही हात लावावे लागतात.

आम्ही त्या मेजावरच एक नमुन्याचा हिशेब मांडला. मोटारीची आयात किंमत ४०,००० डॉलर धरली. जकात ८,०००, वस्तुकर ४,३२०, जादा नोंदणी फी ४८,०००, साधी नोंदणी फी ३५०. बेरीज १,००,६७०. त्यात परवान्याच्या हक्काचे १,१०,००० मिळवले, विक्रेत्याचा नफा धरला, की २,२०,००० च्या घरात आकडा जातो. म्हणजे चाळीस हजारांची वस्तू साडेपाचपट होऊन दाराशी येते.

त्यातही हक्काचे १,१०,००० दहा वर्षांत शून्य व्हावयाचे. दररोजचे सुमारे ३० डॉलर. मोटार चालवा अथवा खाली वाहनतळावर उभी ठेवा, ते जाणारच. वडील हसून म्हणाले, "मन्नासुद्धा शब्बाथच्या दिवशी पडत नसे. हा खर्च मात्र शब्बाथही पाळत नाही."

कर्जाचा हिशेब

तरुण ग्राहकाला या दोन लाख वीस हजारांची भीती वाटत नाही, कारण विक्रेता त्याला तो आकडा सांगतच नाही. तो मासिक हप्ता सांगतो.

सिंगापूरच्या मध्यवर्ती आर्थिक संस्थेने कर्जावर मर्यादा घातली आहे. मे २०१६ पासूनचा नियम असा: आयात किंमत २०,००० डॉलरांहून अधिक असेल, तर एकूण किमतीच्या ६० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते, त्याहून कमी असेल तर ७० टक्के. फेड सात वर्षांच्या आत. म्हणजे आमच्या नमुन्यात कर्ज १,३२,००० आणि रोख ८८,०००. वर्षभर नोकरी केलेल्या मुलाकडे ८८,००० कोठून यावे? ते आईवडिलांच्या पुंजीतूनच यावयाचे. या मुलाच्या कागदांतही तसेच गृहीत धरले होते.

व्याजाचा दर 'फक्त अडीच टक्के' असा छापलेला होता. येथे आमच्या वाचकांनी थांबावे. हा सपाट दर आहे. सपाट दराचे व्याज संपूर्ण मूळ रकमेवर सातही वर्षे मोजले जाते, मग तुम्ही निम्मे मुद्दल फेडलेले असो वा नसो. १,३२,००० वर अडीच टक्क्यांनी सात वर्षांचे व्याज २३,१००. हप्ता महिना सुमारे १,८४६. उरलेल्या शिल्लक मुद्दलावर मोजले तर हाच दर वर्षाला सुमारे ४.७ टक्के पडतो. दोन संस्थांची तुलना करायची तर हा खरा दर विचारून करावी.

दुसरी खोच मुदतीआधी फेड करण्यात आहे. मोटारीच्या कर्जात व्याज सुरुवातीच्या हप्त्यांतून अधिक कापून घेण्याची पद्धत सर्रास आढळते. त्या पद्धतीने तीन वर्षांनी, ३६ हप्ते म्हणजे सुमारे ६६,५०० डॉलर भरून, मुलाने मोटार विकून मोकळे व्हावे म्हटले, तर अजून सुमारे ८१,००० डॉलर देणे उरते. दंड असल्यास तो निराळा. नोकरी गेली, बदली झाली, लग्न ठरले, तर हे ओझे कोणी उचलायचे? शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कायद्याने मोटारीचा मालक कर्ज देणाराच असतो. हप्ते थकले, की तो मोटार घेऊन जातो, विकतो, आणि तूट पडली तर तीही मागतो. १५,००० डॉलरांचे देणे थकल्यास धनको माणसाला दिवाळखोर ठरविण्याचा अर्ज करू शकतो.

विम्याचा कागद

पहिली सही जामिनाची होती. दुसरी होती विम्याच्या अर्जावर, आणि तीच आम्हांस अधिक घातक वाटली.

इस्राएलमध्ये आपण 'बितुआख होवा' सक्तीने घेतो आणि तरुण चालकाचा विमा किती महाग पडतो, हेही जाणतो. सिंगापुरातही तिऱ्हाइताच्या मृत्यूचा व इजेचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. परंतु कर्जाऊ मोटारीवर कर्ज देणारा सर्वंकष विमाच मागतो. मुलगा तेवीस वर्षांचा, परवाना मिळून आठ महिने झालेले, आणि मोटार वेगाची. या तिन्ही गोष्टी हप्ता वाढविणाऱ्या. त्यावर तरुण व नवख्या चालकासाठी वेगळा 'एक्सेस', म्हणजे नुकसानीची आपण स्वतः सोसावयाची रक्कम. परवान्याचे पहिले वर्ष परीक्षेचे असते. त्या वर्षात १३ दोषगुण झाले, की परवानाच रद्द होतो. मग मोटार खाली उभी आणि हप्ते मात्र चालू.

उलट, जो अपघाताची मागणी न करता वर्षे काढतो, त्याला दरवर्षी १० टक्के अशी पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. वडिलांची अशी ५० टक्के सूट होती. त्यांनी आपली जुनी लहान मोटार नुकतीच मोडीत काढली होती. विक्रेत्याच्या माणसाने मुलाच्या कानी युक्ती सांगितली होती: अर्जात मुख्य चालक वडील दाखवा, मुलाचे नाव खाली कोठेतरी घाला, निम्मा खर्च वाचेल.

मुलाला यात खोटे काही वाटले नव्हते. "पप्पा, सगळेच करतात," तो म्हणाला.

विमा हा पूर्ण विश्वासाचा करार आहे. मोटार रोज कोण चालविणार, त्याचे वय काय, मोटारीत काही फेरफार केले काय, हे विचारले असता खरे सांगावे लागते. खोटे उघडकीस आले, तर कंपनी करार झिडकारू शकते. आणि ते उघडकीस येते नेमके अपघाताच्या दिवशी. मग चुराडा झालेल्या मोटारीचे पैसे नाहीत, कर्ज मात्र उभे. जखमी तिऱ्हाइताला कंपनीने कायद्यापोटी भरपाई दिली, तरी ती पुढे तुमच्याकडून वसूल करू शकते. शिवाय साधी गोष्ट म्हणजे अपघात कितीही किरकोळ असो, त्याची खबर चोवीस तासांत किंवा पुढल्या कामाच्या दिवशी कंपनीला द्यावयाची असते. न दिल्यास सूट गमवावी लागू शकते.

नवे घर बांधशील तर धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असे आपली तोरा बजावते. विमा म्हणजे मोटारीचा कठडा. पैसे वाचावेत म्हणून कागदाचा कठडा उभारला, तर दुरून तो कठड्यासारखाच दिसतो. कोणी टेकले, की समजते.

जामीन

आता पहिल्या सहीविषयी. इस्राएलमध्ये आलेल्या आपल्या पिढीला 'आरेव' हा शब्द हिब्रूच्या पहिल्या शंभर शब्दांबरोबरच शिकावा लागला. घरासाठी कर्ज हवे, आरेव आणा. धंद्यासाठी हवे, आरेव आणा. नात्यातल्या, ओळखीतल्या माणसाला नाही म्हणणे आपल्या समाजात कठीण. आम्हीही एका स्नेह्याला नाही म्हणू शकलो नाही. त्याचा धंदा बसला, आणि चार वर्षे त्याचे हप्ते आमच्या पगारातून गेले. त्या चार वर्षांत घरात नवे काही आले नाही, मुलीचे एक शिक्षण राहून गेले. पैसे फिटले, स्नेह मात्र तुटला तो तुटलाच. शलमोन राजाने दुसऱ्यासाठी हात बांधून घेऊ नकोस, असे का सांगितले, ते आम्हांस तेव्हा उमगले.

त्या रात्री हे आम्ही मुलाला सांगितले. जामीन हा शिफारस करणारा नसतो. तो दुसरा ऋणको असतो. मुलाने हप्ता चुकविला, तर धनको निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या बापाच्या दारी येणार. म्हणून सही करणाऱ्याने एकच प्रश्न स्वतःला विचारावा: हे सारे कर्ज उद्या मलाच फेडावे लागले, तर मी ते घर न मोडता फेडू शकेन काय? उत्तर नाही असेल, तर सही करू नये. ती माया नव्हे, दोघांचेही नुकसान आहे.

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विम्याचा अर्ज उलटा करून ठेवला. "या कागदावर मी खोटे लिहिणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही." आणि जामिनाच्या कागदावर हात ठेवून म्हणाले, "हा वर्षभर माझ्या कपाटात राहील. तू दरमहा १,८४६ डॉलर बँकेत स्वतःच्याच नावावर भर. बारा महिने चुकला नाहीस, तर आपण पुन्हा या मेजाशी बसू. तोवर तुझ्या परवान्याचे पहिले वर्षही उलटलेले असेल."

मुलगा रागावून उठला. दोन दिवस घरात भांड्यांचाच तेवढा आवाज होता. तिसऱ्या दिवशी तो आमच्याजवळ येऊन बसला आणि बारा महिन्यांचे किती होतील, ते कागदावर मांडू लागला. २२,००० च्या वर आकडा गेला, तेव्हा तो थोडा वेळ त्याकडे पाहत राहिला. हप्ता भरताना जो आकडा लहान वाटला होता, तोच साठवताना मोठा दिसत होता.

आम्ही परतल्यावर चार महिन्यांनी त्याच्या आईचा फोन आला. चारही महिन्यांचे पैसे बँकेत जमा झाले आहेत; मुलगा क्लेमेंटीच्या स्थानकावरून रोज आगगाडीनेच कामावर जातो. मोटारीचे चित्र अजून त्याच्या भिंतीवर आहे. मलिद्यासाठी मात्र तिने मोटारीची वाट पाहिली नाही. नोकरी लागली म्हणून बोललेला नवस होता. तो तिने गेल्या शनिवारी, शब्बाथ उलटल्यावर फेडला.

तरुणांनी हौस करू नये, असे आम्ही म्हणत नाही. हौस आपल्या कमाईची असावी, कागद खऱ्या नावाचे असावेत, आणि सही करणाऱ्या हाताला नंतर थरथरावे लागू नये, एवढीच आमची विनंती. एलियाहू हानबी आपल्या मुलांना प्रत्येक रस्त्यावर सांभाळो. आमेन.